गणिताच्या तासाला सतार

"भालेराव, उद्यापासून तुमचा नववीचा तास गणिताला," मुख्याध्यापक म्हणाले.

"आणि संगीत, सर?"

"ते दिवसभर चालू राहील."

मी तेव्हा पंचवटीतल्या एका शाळेत संगीत शिकवायचो. नव्वदच्या दशकाची अखेर असेल. आमचे मुख्याध्यापक पुण्याहून एक सेमिनार ऐकून आले होते. संगीताने मुलांची बुद्धी वाढते, हे त्यांना तिथे समजलं. म्हणून त्यांनी संगीताचा तास बंद केला आणि वर्गावर्गात स्पीकर बसवले. गणित चालू असताना ऑफिसातून सतारीची कॅसेट लागणार. ती उलटवायची जबाबदारी माझी, कारण मी विषयतज्ज्ञ.

"मुलांनी स्वतः वाजवलं तर जास्त फायदा होतो, सर."

"त्याने आवाज होतो हो."

बुद्धी वाढू लागली. मागचे बाक पेंगू लागले. सतारीच्या वर आवाज चढवून प्रमेय शिकवताना गणिताच्या सरांचा घसा बसला.

मला काळजी सुनंदाची होती. मखमलाबादकडच्या भाजीवाल्या घरातली मुलगी. बोलताना पहिल्याच अक्षराला अडकायची आणि वर्ग हसायचा. माझ्या तासाला ती तबल्यावर दादरा वाजवायची. दादरा म्हणजे सहा मात्रांचा ताल, मात्रा म्हणजे सारख्या अंतराने पडणारा ठोका. त्या ठोक्यांवर बोल म्हणताना तिची जीभ अडत नसे. म्हणून आम्ही त्याच लयीत धडा वाचायला घेतला होता. तेवढ्यात तास गेला.

"स... सर, आपला तास कधी लागंल?" तिने एकदा व्हरांड्यात विचारलं.

"सध्या तुमची बुद्धी वाढतेय. थांब जरा."

मग इन्स्पेक्शन आलं. मुख्याध्यापकांनी शिक्षणाधिकाऱ्यांना कौतुकाने स्पीकर दाखवले. अधिकाऱ्यांनी नेमकं सुनंदाला वाचायला उभं केलं. ती अडकली. वर्ग हसला. साहेब तिला बस म्हणणार, तोच तिची बोटं बाकावर चालू लागली. धा धी ना, धा ती ना. एक शब्द आला, मग दुसरा. हळूहळू सगळा परिच्छेद झाला. मी दारात उभा राहून बोटांवर मात्रा मोजत होतो.

"हा संगीताचा परिणाम, साहेब," मुख्याध्यापक लगेच म्हणाले.

"कॅसेटचा?" साहेबांनी सुनंदालाच विचारलं.

"न... नाही. तबल्याचा."

"तबल्याचा तास कधी असतो?"

"सोमवारपासून," मुख्याध्यापकांनी सांगितलं.

सोमवारी तास खरोखर लागला. पुढच्या वर्षी गॅदरिंगला सुनंदाने पाहुण्यांचे आभार मानले, सावकाश, पण न थांबता. त्याचंही श्रेय मुख्याध्यापकांनी घेतलं. मी घेऊ दिलं. शाळेत एखादा विषय टिकवायचा असेल, तर ती वरिष्ठांचीच कल्पना होती असं त्यांना वाटू द्यावं लागतं.