किड्यांना भिणाऱ्या बाई

"काय उरलं?"

कुठेही गेल्या की बाईंचा पहिला प्रश्न हाच. रामराम नंतर, पाणी नंतर, खुर्चीत टेकणं तर फारच नंतर. अंगणवाडीत शिरल्या की सेविका लगबगीने हजेरीचं रजिस्टर पुढे करायची. बाई ते बाजूला सारून थेट पातेल्याचं झाकण उचलायच्या. "वाटलं किती ते कागदावर हायच. उरलं काय ते दाखव."

बाई मुख्यसेविका होत्या. घनसावंगीकडच्या बऱ्याच अंगणवाड्यांवर त्यांची देखरेख असायची. मी तेव्हा तहसिलीत पुरवठ्याचं काम बघायचे. माझा जन्म याद्या करण्यात गेला. आजही आमच्या घरी फ्रिजवर भाजीची यादी असते, औषधांची असते आणि कोणाकडे आपले डबे राहिलेत त्याचीही असते. मला वाटप कळतं. उरलेल्यातही बघण्यासारखं काही असतं, हे मला बाईंनी दाखवलं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा सगळा स्वभाव एका प्रश्नात मावतो. अशा माणसाच्या मागेमागे थोडं हिंडून बघावं. मी हिंडले.

बाई उंच, रुंद, कपाळावर ठसठशीत कुंकू. आवाज असा की एसटी स्टँडवरच्या कंडक्टरने शिकवणी लावावी. खांद्याला पिशवी, तिच्यात छत्री, सुतळी आणि भाजलेले शेंगदाणे. मला त्या नावाने कधी हाक मारायच्या नाहीत. "काय वो कारकूनबाई" म्हणायच्या, आणि त्यात थट्टा किती, माया किती, याचा हिशेब मला कधी जमला नाही.

माझ्या पुतणीच्या लग्नाला आल्या तर आहेर देऊन सरळ पत्रावळ्या टाकायच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या जाऊबाईंना वाटलं, बाईंचं काही हरवलं. थोड्या वेळाने येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "वांग्यात मीठ न्हाई. पाहुणे तुमच्या तोंडावर चांगलं म्हणून राह्यले, पत्रावळीवर खरं लिहून राह्यले." पुढच्या पंगतीआधी आचाऱ्याने मीठ घातलं.

राजूरजवळच्या एका अंगणवाडीत मधूनच एखाद्या दिवशी सुकडी तशीच राहायची. सेविका बिचारी रडकुंडीला आलेली, तिला वाटायचं आपला हात बिघडला. बाई तिथे दोनदा गेल्या, मुलांच्या पोटांना हात लावून पाहिलं आणि हसत सुटल्या. तो चतुर्थीचा दिवस असायचा. पोरं मंदिराकडे प्रसाद खाऊन टम्म होऊन यायची. "अगं, गणपती वाढून राह्यला तर तू कशाला चूल फुंकती? त्या दिवशी पुड्या बांधून घरी दे." झालं.

हे सगळं हलकंफुलकं. पण ज्या प्रसंगामुळे बाई माझ्या मनात ठाण मांडून बसल्या, तो पुराच्या पावसाळ्यातला.

गोदावरीचं पाणी काठच्या एका गावात शिरलं आणि सगळं गाव रस्त्यावरच्या हायस्कुलात आणून ठेवलं. वर्गावर्गांत माणसं, मैदानात जनावरं. नायब तहसीलदार साहेब छावणीचे प्रमुख. धान्य, चादरी, रॉकेल यांच्या याद्या माझ्याकडे. बायामुलांचं बघायला बाई. मी संध्याकाळी जीपने घरी परतायचे, बाई तिथेच एका वर्गात बायकांबरोबर राहायच्या.

शाळेला मुतारी होती ती पोरांपुरती. म्हणून बायकांसाठी मैदानाच्या कडेला खड्डे खणून आडोसे केले. बांबू पुरले आणि भोवती कनाती बांधल्या. लग्नात मांडवाला लावतात त्याच, पांढऱ्या कापडाच्या, गुलाबी काठांच्या. मांडववाल्याने तशाच काढून दिल्या होत्या.

बाई साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या. "साहेब, तिथं बत्ती पायजे. दिवस बुडला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत न्हाई. बाया कशा जातील?"

"बाई, वायर कुठनं आणू?"

"हापिसातली काढा. तुमचं काय, तुम्ही दिवसाच सह्या करता."

साहेब मनाने वाईट नव्हते. दोन दिवस कुरकुरले, पण बत्ती दिली. प्रत्येक आडोशात वरच्या बांबूला एक बल्ब. बाईंनी खटका स्वतः दाबला आणि लहान मुलीसारख्या खूश झाल्या.

त्यानंतरची गोष्ट. बायकांच्या वर्गांसमोर आम्ही पिण्याच्या पाण्याचे रांजण ठेवले होते, दुपारी टँकर आला की भरायचे. आधी दिवस मावळेपर्यंत तळ दिसायचा. आता रांजण भरलेलेच राहू लागले. मी आपलं समाधानाने लिहिलं, पाणी पुरेसे. बाई रांजणात डोकावून उभ्याच.

"उरलं का हे?"

"पाऊस आहे, बाई. तहान कमी लागते."

"गड्यांचे रांजण तर रिकामे हायेत. पाऊस काय निस्त्या बायांवर पडून राह्यला?"

त्याच दुपारी रुक्मीण गाठोडं बांधताना दिसली. रुक्मीण तिशीच्या आतली, एका पायाने अधू, चालताना एका अंगाला झुकायची. नवरा मेंढरं घेऊन माळावर अडकलेला, पदरात दोन मुली. ती म्हणाली, गावात परत जाते.

आता गाव म्हणजे काय होतं, ते सांगते. पाणी ओसरलं होतं, पण घरं माळवदाची, मातीच्या जाड भिंतींची. अशा भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि ऊन लागलं की बसतात. दोन घरं तशी पडलीही होती. गावात चिटपाखरू नाही. तिथे एकटी बाई दोन पोरी घेऊन राहणार?

"काऊन जाती?" बाईंनी विचारलं.

"घर उघडं हाय, बाई."

"त्यात हाय काय चोरायला? चिखल?"

रुक्मीण हसली नाही. "इथं करमत न्हाई," एवढंच म्हणाली. धाकटी पोर पाणी मागत होती. तिने तिला एक घोट दिला आणि तांब्या काढून घेतला. बाई त्या तांब्याकडे बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी बाईंनी मला जीपने जाऊ दिलं नाही. दिवस नुकता मावळला होता. आडोशांपासून थोड्या अंतरावर शाळेचा दगडी कट्टा होता, गावातली चार-सहा टवाळ पोरं तिथे बसलेली असायची. बाईंनी त्यांना धान्याची पोती आत उचलायला पिटाळलं आणि मला म्हणाल्या, "त्या कट्ट्यावर बसा."

"मी? तिथे?"

"बसा वो. मी आत जाते. काय दिसतं ते मंग सांगा."

मी बसले. बाई आत गेल्या. आणि कनातीवर बाई उमटल्या. आख्ख्या. अंबाडा, नाक, खांद्याची पिशवी, पिशवीतून बाहेर आलेली छत्रीची मूठ. त्यांनी नुसता पदर सारखा केला तर तोही दिसला. मग त्या खाली बसल्या, आणि मी मान फिरवली. आत फक्त बाई होत्या आणि त्या नाटक करत होत्या, तरीही मी मान फिरवली.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

"सगळं," मी म्हणाले.

"म्हणून बाया पाणी पीत न्हाईत," बाई म्हणाल्या. कट्ट्याकडे बघितलं, कनातीकडे बघितलं. मग पुन्हा आत गेल्या, पदर गुंडाळून तापलेला बल्ब काढला. दुसऱ्या आडोशातला काढला. तिसऱ्यातला काढला. मैदानाची ती कड अंधारली तशी माणसं ओरडायला लागली. साहेब व्हरांड्यातून धावत आले.

"काय झालं? बत्ती कोणी काढली?"

"मी," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच तर भांडून घेतली!"

"किडे येऊन राह्यले साहेब. पावसाचे किडे. मानंवर पडतात, पोलक्यात शिरतात. मला किड्यांची लई भीती हाय."

अख्खी छावणी हसली. पुरात साप मारलेले लोक ते. साहेबांनी कपाळाला हात लावला. पोत्यांकडून परतलेला एक पोरगा म्हणाला, "बाई, किडा चावला तर इंजेक्शन घ्या!" बाईसुद्धा हसल्या, सगळ्यांत मोठ्याने.

मला ते कळेना. गर्दी पांगल्यावर मी रागाने म्हणाले, "खरं का नाही सांगितलं? त्या पोरांना साहेबांपुढे उभं करायचं होतं."

"करू की. आन मंग?" बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली येतो, हे मला तेव्हाच कळलं. "आज पोरांना दोन फटके बसतील. उद्या प्रत्येकीचा नवरा, सासरा, भाऊ इचारील, तू गेल्ती का तिथं? किती वेळा गेल्ती? कोणी पाह्यलं तुला? मार कोणाला बसंल, कारकूनबाई?"



सकाळी मी पोचले तेव्हा रुक्मीण निघून गेली होती. वैरण आणायला गेलेल्या एका बैलगाडीत पोरींना घेऊन, उजाडायच्या आत. बाईंनी माझी जीप अडवली. "चला जल्दी."

ओढ्यापर्यंत जीप गेली, पुढे चिखल. बाईंचे पाय पोटऱ्यांपर्यंत रुतत होते आणि त्या ओढ्याला, गोदावरीला, सरकारला आणि मला क्रमाने शिव्या देत होत्या. गावात ऊन पडलं होतं. कुजलेल्या धान्याचा वास. रुक्मीण दारात बसून खराट्याने गाळ लोटत होती, पोरी आत, भिंतीला टेकून.

"पोरींना आधी भाईर घे," बाई म्हणाल्या.

"बाई, मी येणार न्हाई."

"नको येऊ. पोरींना भाईर घे."

रुक्मीणने हाका मारल्या तशा पोरी बाहेर आल्या. बाई उंबऱ्यापाशीच, चिखलात बसल्या. मी उभी. बाईंनी शेंगदाणे काढून पोरींना दिले आणि म्हणाल्या, "बत्ती किड्यांमुळं न्हाई काढली मी."

रुक्मीणचा खराटा थांबला.

"मीच लावली व्हती, मीच काढली. आज ती भाईर लिंबावर लावते, तोंड वाटंकडं. कनाती जातील, पत्रे येतील. कट्ट्यावर म्हाताऱ्या बसतील."

ती मान खाली घालून म्हणाली, "बाकीच्यांचं कसं, सावलीला नाव नसतं. मी लंगडते, बाई. मला वळखलं त्यांनी. गाणं केलं माझ्यावर. पाणवठ्यावर म्हणत व्हते. मालकाच्या कानावर गेलं तर?"

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत भस्सकन आवाज झाला आणि धुळीचा लोट वर आला. एक भिंत बसली होती. थोरल्या पोरीने आईचा पदर धरला.

"येते," रुक्मीण म्हणाली. "पण कोणाला सांगू नका, काऊन गेल्ते ते."

"माझ्या तोंडातून जायचं न्हाई," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली.

दुपारपर्यंत सगळं हललं. शाळेचे जुने पत्रे निघाले, आतून कड्या लागल्या, बत्ती लिंबावर गेली. आणि तांदूळ निवडायला बाईंनी गावातल्या म्हाताऱ्या सुपं घेऊन कट्ट्यावर बसवल्या. संध्याकाळी पोरं सवयीने आली. एका आजीने मिशरी लावता लावता वर पाहिलं. "काय रे राजा, तांदूळ निवडतो का? ये, बस. हे सूप घे." पोरगा गेला तो परत दिसला नाही. रांजणांचा तळ पुन्हा दिसायला लागला. छावणी उठेपर्यंत रुक्मीण तिथेच राहिली. मग माळावरून नवरा आला आणि तिला नीट घेऊन गेला.

गोष्ट एवढ्यावर मिटली, पण किडे मिटले नाहीत. तहसिलीत, पंचायत समितीत, बैठकांमध्ये तो किस्सा वर्षानुवर्षं फिरला. साहेब तो रंगवून सांगायचे. बाई आल्या की कोणीतरी म्हणायचंच, "बत्ती बंद करा रे, किडे येतील!" एकदा जिल्ह्याच्या बैठकीत एका मोठ्या अधिकाऱ्याने त्यांना भर सभेत सुनावलं, आधी मागणी करायची, मग तक्रार करायची, अशा लहरीपणाने कामं होत नाहीत. बाई म्हणाल्या, "बराबर हाय साहेब." परतताना बसमध्ये मी धुमसत होते. बाई शेंगदाणे सोलत होत्या. "खावा," एवढंच म्हणाल्या.

निवृत्त झाल्यावर त्या भोकरदनकडे, पिंपळगाव रेणुकाईला भावाच्या गावी राहायला गेल्या. अधूनमधून फोन यायचा. मग एके दिवशी त्यांच्या भाच्याचाच फोन आला.

शोकसभा त्याच हायस्कुलात ठेवली. बाईंचा फोटो, हार, सतरंज्या. अंगणवाडीच्या सेविका आल्या, गावोगावच्या बाया वडाप जीपने आल्या. साहेबही आले, आता काठी टेकत. चांगलं बोलले. बाईंच्या कष्टांबद्दल बोलले, आवाजाबद्दल बोलले, आणि वातावरण जरा हलकं करावं म्हणून प्रेमाने तो किस्सा काढला. "अशी धीराची बाई, पण किड्यांना भ्यायची बरं का!" लोक हसले. त्यात मायाच होती.

बायकांमधून रुक्मीण उठली. केस पिकलेले, चाल तीच. ती पुढे आली नाही, जागेवरूनच बोलली.

"साहेब, बाई किड्यांला भेत नव्हत्या. ती बत्ती माझ्यामुळं काढली त्यांनी. कापडावर सावली पडायची माझी. पोरं बघायची. बाईंनी माझं नाव घेतलं न्हाई, सोताला हसू करून घेतलं." मग जरा थांबून म्हणाली, "आता सांगायला मला काई वाटत न्हाई."

ती खाली बसली. साहेब काठीवर दोन्ही हात ठेवून तसेच उभे होते.

तेवढ्यात मागच्या भिंतीशी बसलेली एक म्हातारी न उठताच म्हणाली, "आन माझ्यामुळं बी."

मी वळून पाहिलं. त्या छावणीतल्या प्रत्येक बाईचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं होतं. ही कोण, मला ओळखता आलं नाही.