डाव्या गालाला आवतन

धाकट्या बहिणीच्या लग्नाला महिनाही उरला नव्हता आणि वडिलांचा डावा गाल संपावर गेला. सकाळी चहाचा घोट घेतला तो सरळ धोतरावर. डावा डोळा मिटेना, मिशीचं एक टोक लोंबलेलं. आई म्हणाली, वारं गेलं. मी लातूरला क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते, म्हणजे घरच्यांच्या हिशेबानं अर्धी डॉक्टरच. फोन मला आला आणि अहमदपूरहून एसटीनं आईवडीलही आले.

खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, अर्धांगवायू नाही. चेहऱ्याकडे जाणारी नस कानामागच्या हाडाच्या बोळात सुजून अडकली आहे. गोळ्या घ्या, डोळा जपा, आरशासमोर ओठ-गाल हलवत राहा, बहुतेक पूर्ववत होईल. ‘बहुतेक’ हा शब्द वडिलांना अजिबात पटला नाही.

त्याला कारण होतं. आमच्या गावात पत्रिका छापतात, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवतात, पण त्याच्या भरवशावर जेवायला कुणी येत नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी दारात जाऊन ‘चूलबंद आवतन’ द्यावं लागतं. म्हणजे आज तुमच्याकडे चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळे आमच्याकडे. तेही घरच्या कर्त्यालाच सांगावं लागतं. माझ्या भावाच्या लग्नात वडिलांनी शेजारच्या चुलत्यांचं आवतन काकूंना सांगितलं, कारण चुलते अंघोळीला बसले होते. ते अंग पुसत बाहेर आले ते रुसूनच. “मला कुठं आवतन हाय?” झालं. तेव्हापासून भिंतीला भिंत आणि बोलणं बंद. या लग्नात वडिलांना त्यांच्यासमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं आवतन द्यायचं होतं. आणि नेमका ‘चूलबंद’मधला ब ओठांत धरवेना, हवा फुस्सकन निघून जायची.

“हे गालाला नेमकं झालंय काय?” त्यांनी विचारलं. माझ्यातली मास्तरीण अशी संधी सोडत नाही. म्हटलं, मेंदूचा हुकूम नसेतून विजेसारखा धावत येतो. पण नसेचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं, मधे बारीकशी फट असते. तिथं वीज चालत नाही. टोकाशी इवल्या पिशव्या असतात, त्यातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडतं, फट ओलांडतं आणि पलीकडे त्याच्यासाठीच ठेवलेल्या जागेवर जाऊन बसतं. मग स्नायू हलतो.

“मंजी आवतन द्यावं लागतंय.”

“हाव.”

“अन् कर्त्यालाच.” ते विचारात पडले. “अन् आवतन देणारा तितंच बसून राहिला मंग?”

म्हटलं, त्याला लगेच मोडून टाकणारं दुसरं रसायन तिथं हजर असतं, नाहीतर स्नायू आखडून बसेल.

“खरं हाय. न्हाई तर पंगत उठायची कवा?”

माझा ऊर भरून आला. असा विद्यार्थी क्लासला मिळत नाही, हे मी आईला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा विद्यार्थी अंघोळ करून, टोपी घालून आरशासमोर उभा. मुठीत अक्षता. स्वतःच्या डाव्या गालाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि मोठ्यानं म्हणाले, “आज दुपारी चूलफंद आवतन हाय. समद्यांनी यायचं!”

“अगं बया, थोबाडाला आवतन देऊन राहिले!” आई पदर तोंडाला लावून पळाली.

मी चिडले. “आबा, गाल रुसला नाही. आवतन देणारा पिशवी भरून तयार आहे, वरचा हुकूमच त्याच्यापर्यंत येत नाही. रस्ता बंद आहे.”

“रुसलेलाच हाय. मला कळतंय रुसलेलं माणूस.”

क्लासमध्ये असं उत्तर कुणी लिहिलं असतं तर शून्य दिलं असतं. पण डॉक्टरांना हवा तो व्यायाम रोज होत होता, म्हणून गप्प बसले. अक्षता मात्र घरभर झाल्या.

लग्नासाठी गावी परतल्यावर एका संध्याकाळी ते ओट्यावर एकटेच बसले होते. “लोक नवरीकडं पाहतील का माझ्या तोंडाकडं?” म्हणाले. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, आवतन दादाला देऊ द्या. “न्हाई. तसं झालं तर पुना काकूला सांगितल्यावाणीच.”

लग्नाच्या सकाळी ते निघाले, मागून कुंकवाचं ताट घेऊन मी. चुलते दारातच खाटेवर बसलेले. त्या दिवशी अंघोळ त्यांनी पहाटेच उरकली होती, हे मला काकूंनी नंतर सांगितलं.

“फाऊ,” वडील म्हणाले, “आज चूलफंद आवतन हाय. समद्यांनी यायचं.”

चुलत्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. “डावं तोंड कुटंय?”

“आलं न्हाई आजून. रोज आवतन देऊन राहिलो.”

“आर्धंच तोंड आलंय, तर आर्धंच घर येईल. बाकीचं मागनं.”

आणि खरंच तसं केलं. काकू, सुना, पोरं नटूनथटून पंगतीला आली. चुलते आणि त्यांचा मुलगा घरी पिठलं करत बसले. करपल्याचा वास भिंतीवरून आमच्या मांडवात येत होता. वडील लाडू वाढताना सारखे त्या भिंतीकडे बघत होते. मला चुलत्यांचा इतका राग आला की बस.

आषाढात एका सकाळी दाढी करताना मिशीचं लोंबलेलं टोक हललं. मग डोळा मिटू लागला, मग चहा आत राहू लागला. एका रविवारी मी घरी गेले तर आईनं पुरण घातलेलं आणि वडील टोपी झटकत होते. “थांब,” मला म्हणाले, “एकटा जातो.”

मी भिंतीला कान लावला.

“भाऊ, आज चूलबंद आवतन हाय.” ब असा खणखणीत, की आईनं पोळी लाटता लाटता मान वर केली. पलीकडे खाट करकरली.

“हाव,” चुलते म्हणाले, “आलोच.”

त्या दुपारी भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली नाही.