शेऱ्याच्या रकान्यातली बदकं

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तिला बावीस वर्षं झाली होती. खरं नाव हजेरीपटापुरतं. सगळे तिला पंपूताईच म्हणायचे. सकाळी सहाला मोटारी चालू करायच्या आणि तासातासाला पाण्याची पातळी नोंदवहीत लिहायची, हे तिचं काम. वहीतला शेवटचा रकाना ‘शेरा’. तो कुणी भरत नसे.

मागच्या खिडकीतून जुना तलाव दिसायचा. पहिल्याच हिवाळ्यात तिथे फावड्यासारख्या चोचीची बदकं उतरली. तिला राहवलं नाही. शेऱ्यात लिहिलं, ‘बदकं सतरा. पाहुणी दिसतात.’ मग हात थांबलाच नाही. लांब पायांचे शेकाटे कधी आले, वाळुंजाची शेवटची पानं कधी झडली, धुक्यात पाणमांजराने मासा कुठे ओढला, सगळं लिहायची. वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकात तिने नावं शोधली. फावड्या चोचीवाले ते थापट्या, हे तिथेच कळलं. एका पाणकावळ्याचं नाव मात्र तिने स्वतःच ‘मुकादम’ ठेवलं, कारण तो दिवसभर खुंटावर पंख पसरून बसायचा आणि काम काडीचं करायचा नाही.

नव्या साहेबांनी एकदा वही उघडली. “ताई, ही सरकारी वही आहे, गोष्टीचं पुस्तक नाही. शेऱ्यात बिघाड लिहायचा.”

“साहेब, ‘विशेष काही असल्यास’ असं छापलंय. मला हेच विशेष वाटतं.”

साहेबांनी कपाळावर हात मारला आणि त्यानंतर न वाचताच सह्या ठोकायला लागले.

एका वर्षी फलकावर सूचना लागली. तलाव बुजवून तिथे वाहनतळ होणार होता. सोबत पाहणी अहवाल होता: ‘हिवाळ्यात पक्षी आढळले नाहीत.’ तिने तो दोनदा वाचला. कान तापले. हरकती ऐकायला सभा होती. तिने जायचं ठरवलं.

नवरा शिंपी होता. तो म्हणाला, “नोकरीची आठ वर्षं उरलीत. नसत्या भानगडीत कशाला पडतेस?”

“नसती कशी? मी रोज डोळ्यांनी बघते ती.”

पण सभेला न्यायच्या वह्या जड होत्या, म्हणून त्याने जाड कापडाची पिशवी शिवून दिली, दुहेरी बंदांची.

सभेत पाहणी करणारे गृहस्थ अहवाल वाचत होते. ती उभी राहिली. “हिवाळ्यात कोणत्या तारखेला आलात?”

त्यांनी पानं चाळली. “अकरा जानेवारी.”

तिने वही उघडली आणि मोठ्याने वाचलं, “अकरा जानेवारी. सकाळी आठ, थापट्या चाळीस, शेकाटे नऊ. दुपारी तीन, पांढरी गाडी आली. कुणी उतरलं नाही. काच खाली झाली, वर झाली, गाडी गेली.”

सभागृह हसलं. गृहस्थ लालबुंद झाले. “असं कुणीही लिहील!”

“लिहिलंय मी. खाली सही आमच्या साहेबांची आहे.”

सभेच्या अध्यक्षबाईंनी मागच्या बाकावर बसलेल्या साहेबांकडे पाहिलं. “सही तुमचीच?”

“माझीच,” साहेब पुटपुटले, “पण मी वाचलं नव्हतं.”

यावर तर लोक बाकं बडवायला लागले.

प्रस्ताव परत गेला आणि नव्या पाहणीचा हुकूम निघाला. आठ दिवसांत तिची बदली झाली, मीटर दुरुस्तीच्या खोलीत, जिथे एकही खिडकी नव्हती. माफीचा अर्ज दिला तर परत आणू, असा निरोप आला. तिने अर्ज दिला. त्यात लिहिलं होतं: ‘मी पाहिलं तेच लिहिलं. मनात नाही ते लिहिता येत नाही, म्हणून माफी लिहिता येत नाही.’

पुढच्या हिवाळ्यात नवी पाहणी झाली, तेव्हा ती रजा टाकून काठावर उभी राहिली. तलाव वाचला, फक्त रस्त्यासाठी एक कोपरा गेला आणि तीन वाळुंज. तिला मात्र कुणी परत बोलावलं नाही.

आता ती सुट्टीच्या दिवशी तलावाच्या कुंपणाबाहेर स्टूल टाकून बसते. शेजारी नवरा, मफलरात गुंडाळलेला.

“चल गं, गारठून जाशील.”

“गारठा त्यांनाही आहे,” ती म्हणते, आणि उठत नाही.