चौरंगाखालचा ठोकळा

आमच्या गणपतीच्या चौरंगाचा एक पाय आखूड आहे. गेली दहा वर्षं त्याखाली एक लाल-पांढरा लाकडी ठोकळा असतो. तो सरकवताना मी खाली मान घालतो. घरच्यांना वाटतं, भक्ती.

मुलगी सहा वर्षांची होती. तिच्या शाळेत, घाटकोपरला, हुशार मुलांसाठी शनिवारचा वेगळा वर्ग असायचा. प्रवेश बुद्धिमत्ता चाचणीवर. मुलाकडून सराव करून घेतलेला नाही, असं पालकांनी लिहून द्यायचं होतं. मी झोकात सही ठोकली. आणि त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एकाला चहा पाजून, आत काय असतं ते काढून घेतलं. त्याचा मुलगा आदल्या वर्षी बसला होता. लाल-पांढरे ठोकळे देतात, म्हणाला, आणि चित्रातली नक्षी जुळवायला लावतात.

मखराची उरलेली लाकडं माळ्यावर होतीच. नऊ ठोकळे कापले, सोसायटीच्या गेटचा उरलेला लाल रंग आणला. बायकोने विचारलं तर म्हटलं, मखराचं काम. ती कॅलेंडरकडे बघून म्हणाली, "फेब्रुवारीत?"

पंधरा दिवस आम्ही 'खेळलो'. पोरगी झपाझप जुळवायची. रंग उडायला लागला म्हणून चाचणीच्या आदल्या दिवशी मी दुसरा हात मारला.

चाचणीला ती आत गेली, मी दाराबाहेर बसलो. थोड्या वेळाने मॅडम बाहेर आल्या आणि शांतपणे विचारलं, घरी असे ठोकळे आहेत का? मी म्हणालो, आमच्याकडे नाहीत, तिच्या आजोबांनी केले असतील. आजोबा म्हणजे माझे मुलुंडचे सासरे. आयुष्यात खिळा ठोकला नाही त्या माणसाने. मॅडमनी माझ्या लाल नखांकडे पाहिलं. यंदाची चाचणी धरता येणार नाही, पुढच्या वर्षी या, एवढंच बोलल्या.

घरी सांगितलं, जागा भरल्या. पुढच्या वर्षी फॉर्म आला तेव्हा पोरगी म्हणाली, मला नाही जायचं त्या वर्गात. मी लगेच मान्य केलं, सुटलो म्हणून. पण तिला आपण हुशार नाही असं वाटतंय, आणि ते माझ्यामुळे, हे तेव्हापासून मला बोचत राहिलं.

यंदा मखर लावताना ठोकळा तिच्या हातात होता. ती आता सोळाची. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ती जमिनीवर बसून हसायला लागली.

"बाबा, मीच सांगितलं होतं मॅडमना. हे मला येतं म्हटलं, बाबाने शिकवलंय, दुसरं द्या. मग तू बाहेर आजोबांवर ढकललंस ते ऐकलं मी. मला वाटलं, माझ्यामुळे तुला ओरडा बसला. परत गेले असते तर परत सांगितलं असतं ना मी. म्हणून नको म्हटलं."

म्हणजे दहा वर्षं ती मला सांभाळत होती. तिने ठोकळा चौरंगाखाली सरकवला, लाल बाजू पुढे करून.

"आईला तू सांगतोस की मी?"

मीच सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. बायकोने मोदकाची पारी वळता वळता शेवटपर्यंत ऐकलं.

"तरीच फेब्रुवारीत मखर," ती म्हणाली. "आता जा, मुलुंडला फोन लावा. बाबांची माफी मागा आधी."