नदीपलीकडचं उपकेंद्र

पुण्याहून नाशिकला निघालेली पहाटेची एसटी नारायणगावला चहासाठी थांबली, तेव्हा शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"सरकारांना सल्ला देते. खेड्यापाड्यातले सरकारी दवाखाने नीट कसे चालतील, त्याबद्दल."

त्यांनी कपाच्या कडेवरून माझ्याकडे पाहिलं. "आणि ऐकतात का ते?"

"कधी कधी."

"आमचे हे तर तेवढंही ऐकत नाहीत," असं म्हणून त्यांनी डब्यातली तिळाची वडी माझ्या हातावर ठेवली. संक्रांत नुकतीच झाली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी डॉक्टर आहे, पण रोग्याची नाडी धरून जमाना लोटला. दोन-तीन राज्यांच्या आरोग्य खात्यांसाठी मी फिरायचे, भेटेल त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायचे आणि मग काय करावं ते लिहून द्यायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं माझा भाऊ मला चिडवायचा, कारण माझा स्वतःचा खोकला महिनोन्‌महिने जात नसे. या खेपेचं काम तसं छोटं होतं. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, गुजरातच्या हद्दीजवळ सुरगाणा तालुका आहे, सगळा डोंगराळ. तिथल्या सादडपाडा नावाच्या वस्तीवर एक उपकेंद्र होतं. उपकेंद्र म्हणजे सरकारी दवाखान्याचं सगळ्यात धाकटं भावंड; डॉक्टर नाही, दोन खोल्या आणि एक नर्स. लसी, ताप, बाळंतपणं तिनेच बघायची. माझ्याआधी जाऊन आलेल्या सगळ्यांचं एकमत होतं की तिथे चिटपाखरूसुद्धा फिरकत नाही, तेव्हा ते उचलून रस्त्यावरच्या फाट्याच्या गावात न्यावं. माझा होकार पडला की विषय संपणार होता.

नाशिकच्या स्टँडवर खात्याचे देवरेसाहेब जीप घेऊन उभे होते. माणूस सटाण्याकडचा, पोट सुटलेलं आणि मन मोकळं. "आधी मिसळ, मग काम," त्यांनी जाहीर केलं. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची, रस्सा वेगळ्या वाटीत, सोबत भाजलेला पापड आणि दही. रस्सा हवा तेवढा मागून घ्यायचा, पुन्हा पुन्हा, आणि वाढणारा कपाळाला आठी घालत नाही, याचं मला पुणेकर म्हणून फार अप्रूप वाटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली. ड्रायव्हर बाळूभाऊ मालेगावकडचा, त्यामुळे तो आणि देवरे आपसात अहिराणी बोलायचे. "गाडीमा पेट्रोल शे ना?" (आहे ना?) एवढं मला कळलं आणि उगाच फुशारल्यासारखं झालं.

दिंडोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. मांडवाखाली बायका हात वर करून घडांची विरळणी करत होत्या, म्हणजे दाट घडातले मणी कात्रीने कमी करत होत्या. वणीला चहा झाला, सप्तशृंगीच्या गडाला जीपमधूनच नमस्कार झाला. मग घाट, सागाची झाडं, आणि कानात बसणारी थंडी. फाट्याचं गाव दुपारी आलं. चहाची दोन दुकानं, शाळा, एसटीचा थांबा, सुरगाण्याला जाणाऱ्या जीपगाड्यांची रांग.

"ही बघा जागा," देवरेंनी एक मोकळं मैदान दाखवलं. "इथे उपकेंद्र आलं की आसपासच्या सगळ्या गावांना सोयीचं. गाडी दारात." जागा खरोखरच चांगली होती. शेजारी हापसासुद्धा होता.

फाट्यावरून उतरलं की नदी. नदी म्हणजे त्या दिवशी काळे गोटे आणि त्यांच्यामधून वाट काढणारी पाण्याची एक चिंचोळी धार. जीप त्यातून सहज पलीकडे गेली. वर चढावर सादडपाडा. कुडाची, कौलारू घरं, सारवलेली अंगणं आणि जवळजवळ प्रत्येक दाराची कडी दोरीने बांधलेली. एक कोंबडी तेवढी आम्हाला बघून ओरडली.

उपकेंद्राच्या ओट्यावर कुसुम सिस्टर उभ्या होत्या. तिशीच्या, निफाडकडच्या. आतली खोली लख्ख झाडलेली होती, बाळंतपणाच्या टेबलावर धुतलेली चादर.

"सकाळपासून किती आले?" मी विचारलं.

"एक आजोबा. गुडघ्याला मलम न्यायला. लस द्यायला गावात लेकरूच नाही, मॅडम."

"मग हे फाट्यावर नेलं तर तुम्हाला चालेल?"

"चालेल काय, सोयीचंच आहे. माझी दोन्ही पोरं आजोळी ठेवलीत मी शाळेसाठी. फाट्यावर आले तर जवळ राहतील."  मग त्यांनी टेबलावरची चादर उगाचच नीट केली.

"मग तसं मागितलं का नाहीत कधी?"

"कसं मागू? मला सोयीचं म्हणून मागायचं, तर या पाड्यावरच्यांचं काय? तुम्हीच बघून ठरवा."

बघायला तर सगळेच आले होते. मला काही उलगडेना. मलमवाले आजोबा, सोनूबाबा त्यांचं नाव, शेजारच्याच घरात राहत. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. नागलीची (नाचणीची) काळपट भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि लाल मिरचीचा ठेचा. नागलीची भाकरी पहिल्या घासाला मातकट लागते. दुसरी भाकरी मी मागून घेतली. देवरेंनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले, कारण मिसळ अजून पुरती जिरली नव्हती.

"बाबा, गाव कुठे गेलं?" मी विचारलं.

"द्राक्षात," बाबा म्हणाले. "दिंडोरीला, पिंपळगावला. भात-नागली घरात आली का दिवाळी करून निंगतात. आमी म्हातारी तेवढी ऱ्हातो."

"परत कधी?"

"आखाजीला (अक्षय्य तृतीयेला). मग पावसाचं सगळे हितंच आहात (असतात). तवा या, बसाया जागा नाय घावायची."

परतीच्या वाटेवर मी देवरेंना सहज विचारलं, "याआधी तपासणीला आले ते कधी आले होते?"

"थंडीतच. आमचे सगळे दौरे दिवाळी ते होळी. पावसात गाडी कुठे जाते तिकडे?"

ते इतक्या सहज बोलले की त्यांना स्वतःलाही काही जाणवलं नाही. मला मात्र राहवेना. गाव जेव्हा घरी नसतं, नेमकं तेव्हाच आम्ही सगळे गावाची तब्येत बघायला जात होतो! मी म्हणाले, "उद्या मला बागेत जायचंय. सादडपाड्याची माणसं असतील त्या बागेत."

"मॅडम, आपला दौरा उपकेंद्राचा आहे. द्राक्षंच खायची असतील तर पेटी पाठवतो घरी."

"पेटी पाठवाच. पण बागेतही चला."

चौकशी करत करत दिंडोरीजवळची एक बाग सापडली. मांडवाखाली ऊन गाळून येत होतं, हवेत औषधाचा उग्र वास. बागेच्या कडेला पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या खोपी होत्या. सादडपाड्याची अर्धी वस्ती तिथे होती, लेकरं, शेळ्या, गाडग्या-मडक्यांसकट. मालकीणबाईंनी आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "यांच्याशिवाय आमची बाग नाय हो. हात लय हलका यांचा, घडाला ओरखडा नाय."

मी कुठून आले ते कळल्यावर एक तरुण बाई कात्री कमरेला खोचून पुढे आली. तिचं नाव यशोदा.

"आमचा दवाखाना फाट्यावर नेतात म्हने. खरं हाय का?"

"अजून ठरलं नाही."

"मला चौथा लागलाय. आषाढात व्हईन. तवा आमी पाड्यावर असू. बाई (नर्स) तिथं पायजे." ती हे विनवून बोलत नव्हती, हिशेब सांगावा तसं सांगत होती. मग म्हणाली, "माझी मोठी जाव आषाढातच गेली. तवा बाई नव्हती पाड्यावर. झोळीत घालून नेली, तर नदीला पानी. काठाला बसून ऱ्हायले सगळे. पानी उतरस्तोवर ती गेली."

आजूबाजूच्या कात्र्या थांबल्या होत्या.  आदल्या दिवशीची ती गोट्यांमधली चिंचोळी धार माझ्या डोळ्यांपुढे होती आणि ती याच बाईची नदी आहे हे मनाला पटत नव्हतं.

"कोन ठरवतं हे?" यशोदाने विचारलं.

"सरकार. मी फक्त सल्ला देते."

"मग बेस (चांगला) सल्ला द्या," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

 जीपमध्ये देवरे म्हणाले, "एका बाईच्या सांगण्यावरून कसं ठरवायचं? फाट्यावर वर्षभर माणसं येतील. पाड्यावर फक्त पावसाळ्यात. नर्स एकच आहे." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फाट्याच्या गावातही लेकरं होती, तीही आजारी पडत. मी म्हणाले, "पावसात बघितल्याशिवाय मी होकार देणार नाही. नकारही देणार नाही."

"पावसात जाता येत नाही, मॅडम."

"तर मग तिथे पावसात काय चालतं ते आपल्याला कुठून कळलं?"

देवरे हसले. "तुम्हाला सल्लागार कोणी केलं? वकील व्हायला हवं होतं." पण त्यांनी मान्य केलं, आणि जाता जाता दिंडोरीकडच्या नर्सला निरोप धाडला की बागेतल्या पाड्याच्या बायकांनाही तपासा, गाव कुठलं ते विचारत बसू नका.

आषाढात मी पुन्हा आले. या वेळी नाशिकपासूनच पाऊस होता, मिसळीच्या दुकानात ओल्या छत्र्यांचा ढीग. दिंडोरीच्या बागांत शुकशुकाट, हिरव्या मांडवाखाली कुणी नाही. घाटात बाळूभाऊ काचेला नाक लावून गाडी हाकत होता. खाली खाचरांमधून माणसंच माणसं, पाठीवर इरली (पानांचं पावसाळी आच्छादन) घेऊन वाकलेली, भाताची लावणी चालू. हिवाळ्यात दोरीने बांधलेली दारं ज्यांची होती ती सगळी इथे, गुडघाभर चिखलात. मला फार आनंद झाला, ओळखीचं कुणी भेटावं तसा.

फाट्यावर जीप थांबली ती थांबलीच. नदीपर्यंत आम्ही चालत गेलो आणि काठावर उभे राहिलो. ते गोटे कुठे गेले होते कोण जाणे. तांबडं पाणी, मधे वाहत चाललेलं एक अख्खं झाड, आणि शेजारच्याला शब्द ऐकू जाऊ नये असा आवाज. बाळूभाऊने देवरेंना विचारलं, "काय करानं आते?" (आता काय करायचं?) देवरेंनी पलीकडे बोट दाखवलं.

पलीकडे चढावर उपकेंद्र दिसत होतं. ओट्यावर इरली, छत्र्या, पोती पांघरलेली माणसं दाटीने बसली होती. आत जा-ये चालूच होती. आम्हाला पाहून काही जण खाली काठावर आले. त्यांतल्या निळ्या छत्रीखालच्या कुसुम सिस्टर मी ओळखल्या. त्या ओरडून काहीतरी सांगत होत्या. मला पाण्याखेरीज काही ऐकू येईना.

आमच्या मागोमाग फाट्यावरची चहावाली काकू आली होती. ती म्हणाली, "असं बोलून नाय कळायचं. पावसाळ्यात आमी हाळीच देतो." तिने दोन्ही तळवे तोंडाशी धरून लांबलचक हाळी दिली, एकेक अक्षर ताणून. पलीकडून एका पुरुषाने तशीच दिली. शब्द इतके ओढलेले की मला ते गाण्यासारखे वाटले, पण काकूचा चेहरा उजळला.

"यशोदाचा नवरा हाय तो. पोरगी झाली म्हनतो. परवाच्याला. रगत लय गेलं व्हतं, बाईनं थांबवलं. आता दोघी बेस आहात."

मी डोळे पुसले. पाऊस होता म्हणून कुणाला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी माझी हरकत नव्हती. काकूने माझ्यातर्फे आनंद झाल्याची हाळी दिली. तिला तो निरोप फारच आखूड वाटला असावा, कारण तिने पदरची दोन-चार वाक्यं त्यात घातली आणि पलीकडचे सगळे हसले.

देवरे मागे वळून मैदानाकडे बघत होते, हापशाकडे. "ठरल्याप्रमाणे केलं असतं," ते म्हणाले, "तर उपकेंद्र आत्ता इथे असतं. आपण जीपमधून थेट ओट्यावर उतरलो असतो. पायसुद्धा भिजले नसते, तपासणी झकास झाली असती." मग त्यांनी पलीकडे हात केला. "आणि ती बाळंतीण तिकडे."

चहाच्या दुकानात ओल्या कपड्यांनी बसून मी त्यांच्याशी कुसुम सिस्टरच्या पोरांबद्दल बोलले. दिवाळी ते आखाजी पाडा रिकामाच असतो, तेवढे महिने तरी सिस्टरने फाट्यावर बसावं, पावसाआधी पलीकडे जावं, असं आमचं दोघांचं ठरलं. पोरांना आईचे सहा महिने मिळणार होते, पुरे वर्ष नाही. याहून बरं मला काही सुचलं नाही आणि त्याची चुटपुट राहिली. संध्याकाळी नाशिकला परतताना मी मागच्या वर्षांत पाहिलेली गावं एकेक करून आठवत होते. त्यांतली किती मी कोरडीच पाहिली असतील, याचा मला अंदाज येईना. पुण्याच्या गाडीची वेळ व्हायच्या आधी, स्टँडवरच, देवरेंनी सरकारला पाठवायचा कागद मांडीवर घेऊन भरला. प्रत्यक्ष पाहणीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "नदीला पाणी असल्याने पोहोचता आले नाही." त्याखाली शिफारशीच्या रकान्यात मी लिहिलं, "म्हणून उपकेंद्र आहे तिथेच राहावे."