प्रबळगडावरचा जवळ्याचा वास

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात खोडून काढते. मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे असेल. लिंबू-मिरची, अमावस्या, उतारा... आमच्या घरात यातलं काहीच नाही. तरीही हे लिहिते आहे, कारण जे घडलं ते मी स्वतः पाहिलंय आणि मला ते खोडून काढता आलेलं नाही.

गोष्ट २०१२-१३ च्या सुमाराची. आम्ही पनवेलला राहतो, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. माझा नवरा विलास मूळचा उरणकडचा, आगरी, मी साताऱ्याची. विलास तळोज्याला नोकरीला होता. या ट्रिपच्या काही वर्षं आधी त्याला एक जबरदस्त सर्दी झाली, ताप आला, आणि बरा झाल्यावर लक्षात आलं की त्याला वासच येत नाही. कमी येतो असं नाही — अजिबात येत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, नस गेली आहे, आता आशा ठेवू नका. एकदा गॅसवर दूध उतू जाऊन पातेलं करपलं, तेव्हा हा शेजारीच पेपर वाचत बसलेला.

त्याचं सगळ्यात मोठं दुःख जवळ्याचं होतं. सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, तव्यावर भाजून कांद्यात परतायची, हे त्याचं लहानपणापासूनचं जेवण. लग्नानंतर मी नाक दाबून ते शिकले. वास गेल्यावर त्याने जवळा मागणंच सोडलं. म्हणाला, नुसता भुसा चावल्यासारखं लागतं.

तर ट्रिप. पनवेलचाच एक छोटा ग्रुप रविवारी एका दिवसाचे ट्रेक न्यायचा. लीडर मंदार नावाचा बँकेतला माणूस, आणि वर गेलं की सोबत ठाकूरवाडीचे जानूभाऊ, कारण प्रबळगडाचं पठार म्हणजे दाट जंगल, तिथे माहितगार नसेल तर लोक चुकतात. थंडीचे दिवस होते. सकाळी शेडुंग फाट्यावरून गाडीने ठाकूरवाडी, मग चालत प्रबळमाची, तिथे पोहे-चहा, आणि मग मोठमोठ्या दगडांनी भरलेली ती घळ चढून वर. आम्ही दोघं ग्रुपमधले सगळ्यात वयस्कर, म्हणून शेवटी. जानूभाऊ आमच्यासोबत मागे राहिले होते.

पठारावर पोचून बुरुजाकडे निघालो होतो. दुपार व्हायची होती, स्वच्छ ऊन होतं. विलास अचानक थांबला. मला वाटलं दम लागला. त्याचा चेहरा मात्र वेगळाच झाला होता — ओळखीच्या कोणीतरी हाक मारल्यावर होतो तसा.

"कोन तरी जवला भाजतंय," तो म्हणाला.

घरात तो माझ्याशी असं बोलत नाही. त्याची आई होती तोवर तिच्याशी बोलायचा.

मला कसलाही वास येत नव्हता. वाळलेलं गवत आणि ऊन, बस्. जानूभाऊंनाही नाही. ते म्हणाले, हिकडं घर नाय, वाडी नाय, पुढं नुसता कडा हाय. पुढे गेलेल्यांपैकी दोघं हसले, काकांना भूक लागली म्हणाले. विलासने कोणाकडे पाहिलं नाही. पायवाट सोडून तो डावीकडे कारवीच्या दाट झुडपांत शिरला.

मला आधी राग आला, मग भीती वाटली. मंदार पायवाटेवरून ओरडत होता की वाट सोडू नका. जानूभाऊ आणि मी त्याच्या मागे गेलो. तो घाईत नव्हता. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, मान वळवून नाकाने हुंगायचा आणि पुन्हा चालायचा. एकदा म्हणाला, वाढतोय गं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांनी वास येत होता त्याला... मी थांब म्हणू शकले नाही.

मग जमीन एकदम उतरायला लागली तिथे तो उभा राहिला.

"गेला," म्हणाला. "आत्ता होता. गेला."

जानूभाऊ त्याला मागे ओढायला पुढे झाले आणि त्यांना खाली काहीतरी निळं दिसलं. सॅक होती. सॅकच्या पलीकडे, दगडांच्या बेचक्यात, एक तरुण पडलेला होता. पाय गुडघ्याखाली भलताच वळलेला, ओठ फुटलेले. डोळे उघडे होते आणि तो आमच्याकडे बघत होता.

निखिल त्याचं नाव. मूळ नागपूरचा, खारघरला नोकरी. आदल्या दिवशी एकटाच आला होता, कोणाला न सांगता, आणि कारवीतून चालताना घसरून खाली गेला. मोबाईल फुटलेला. पुढचं सविस्तर लिहीत नाही. जानूभाऊंनी माचीवरून माणसं आणली, काठ्या आणि चादरीची डोली केली, संध्याकाळपर्यंत त्याला खाली उतरवलं. पनवेलच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र काढली नसती त्याने.

माणसं येईपर्यंत मी तिथे चूल शोधली. खरंच शोधली. राख नाही, धूर नाही, डबा नाही. निखिलची सॅक उघडली, तर ग्लुकोजची बिस्किटं, एक जॅकेट आणि रिकामी बाटली. नंतर कळलं की तो मासे खातच नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी विलासचे डोळे बांधले आणि त्याच्यासमोर जवळा भाजला. सगळ्या मजल्याला वास गेला, शेजारच्या काकू विचारायला आल्या. त्याला काहीच आलं नाही. मी विचारत राहिले, तो नाही म्हणत राहिला, आणि शेवटी म्हणाला, बंद कर आता.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, वास गेलेल्या माणसाला कधीकधी मेंदूच खोटा वास देतो, नवल नाही. मग खोट्या वासाला दिशा कशी, असं मी विचारलं. योगायोग, म्हणाले. मला पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं. डॉक्टर सोडले तर जवळ्याचं आम्ही कोणालाच सांगितलं नाही. जानूभाऊंना माहीत होतं आणि हसणारी ती दोघं बहुतेक विसरूनही गेली असतील.

काही महिन्यांनी निखिल घरी आला. कुबडी सुटली होती, थोडा लंगडत होता. पिशवीत मिठाईचे दोन डबे. एक विलासच्या हातात दिला, पाया पडला. चहा घेताना मला राहवलं नाही. मी विचारलं, आमचा सगळा ग्रुप इतक्या जवळून बडबड करत चालला होता, तू हाक का नाही मारलीस?

तो जरा ओशाळला. म्हणाला, आदल्या दिवशी खूप ओरडलो, आवाज बसला. आणि सकाळी वाटलं की गरजच नाही.

"वर घर होतं ना, काकू. त्या बाई काहीतरी भाजत होत्या. तव्यावर उलथनं घासल्याचा आवाज सारखा येत होता. मधेमधे मला म्हणायच्या, पडून रा, येतील आता. त्यांनी माणसं बोलवायला पाठवलंय असं मला वाटलं. मग आवाज थांबला आणि काका दिसले."

विलासने हातातला कप खाली ठेवला. निखिलने दुसरा डबा टेबलावर ठेवला.

"हा त्यांच्यासाठी. वाडीतल्याच असतील ना? मला अजून चढवत नाही. तुम्ही गेलात तर द्याल?"

तिथे घर नव्हतं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात विलासच म्हणाला, "देतो."

निखिल गेल्यावर मी जानूभाऊंना फोन लावला. पूर्वी कधी, कोणाच्या आजोबा-पणजोबांच्या काळात तरी, त्या बाजूला कोणी राहायचं का? ते म्हणाले, पाणी नाय तिथं, कोन राहील?

पुढच्या रविवारी विलास डबा घेऊन एकटा गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा हात रिकामे होते. वास त्याला तेव्हाही आला नव्हता, आजही येत नाही. डबा त्याने कुठे ठेवला, कोणाला दिला, हे मी विचारलेलं नाही. वर्गात मी मुलांना सांगते की प्रश्न विचारायला घाबरू नका... हा एक मात्र मला अजून विचारता आलेला नाही.