बापूंची टाकी आणि काकींची मशीन

मासे पाळणाऱ्याचा मासा मेला तर तो बिचारा गप्प बसतो. पाण्यातली झाडं लावणाऱ्याचं झाड मेलं की तो भांडायला येतो! म्हणून सावेडीत इक्बालभाईंच्या ॲक्वेरियमच्या दुकानात दर रविवारी जमणाऱ्या आम्हा मंडळींकडे माशांपेक्षा झाडांचेच किस्से जास्त साठलेत.

मंडळी म्हणजे मी, कॉलेजात बायोलॉजी शिकवणारी. श्रीरामपूरहून एसटीने येणाऱ्या साळवे सिस्टर, नर्सची नोकरी करून रिटायर झालेल्या. आणि बापू. बापूंनी जन्मभर घोडेगावच्या बाजारात म्हशींचे सौदे केले. आता म्हशी विकून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. "दावनीला कायतरी जित्तं पायजे," म्हणत त्यांनी हॉलच्या कोपऱ्यात काचेची टाकी बसवली.

*

दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा बापूंनी एक रोप उपडं केलं, मुळं चाचपली, पान उलटवून पाहिलं.

"बापू, दात बघायचे राहिले!" इक्बालभाई म्हणाले.

बापूंनी खांद्यावरचा रुमाल काढून इक्बालभाईंच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं दाबायला लागले. जनावराचा भाव असाच ठरतो म्हणे. बघणाऱ्याला काही कळत नाही आणि कुणी विचारायचंही नसतं.

"अहो सोडा, गुदगुल्या होतात! फुकट न्या, पण हात सोडा!"

"फुकाट न्हाई. रुमालाखाली झालं की शब्द झाला. मोडायचा आसंल तर समोरच्यानंच फिरून रुमाल टाकायचा," बापू म्हणाले. एवढ्या गंभीरपणे की हसणाराच ओशाळला.

*

सिस्टरांनी एकदा बाजारातून लाल-हिरव्या पट्ट्यांचं झोकदार रोप आणलं. विकणाऱ्याने "पाण्यातलंच आहे" म्हणून गळ्यात मारलेलं. इक्बालभाईंनी ते पाण्याबाहेर धरलं, तर पठ्ठ्या ताठ उभा!

"सिस्टर, पाण्यातलं झाड बाहेर काढलं की सहसा मान टाकतं. हे कुंडीतलं आहे, बुडवलंत तर कुजेल."

सिस्टरांनी ऐकलं नाही. आठवडाभरात खालची पानं सडली. तरी त्या हरल्या नाहीत. सडलेली पानं कापली, रोप कुंडीत लावलं, आता ते त्यांच्या खिडकीत फोफावलंय.

"पेशंट चांगला होता," त्या सांगतात, "वॉर्ड चुकला होता!"

*

आता मुख्य भानगड. बापूंच्या टाकीने जो कोपरा धरला, तिथे काकींची शिलाई मशीन होती. ती गेली गॅलरीत. काकी बापूंच्या घरधनीण, आजूबाजूच्या बायकांची ब्लाउजं शिवून देतात. गॅलरीत ऊन थेट डोळ्यांवर. चार महिने त्यांनी सोसलं आणि मग एक दिवस स्वतःच बापूंच्या हातावर रुमाल टाकला.

"दिवाळीपतुर मुदत. त्या दिशी टाकीत एक जरी जित्तं हिरवं पान दिसलं तर टाकी ऱ्हाऊ द्या. न्हाईतर मशीन आत. प्लास्टिकचं चालायचं न्हाई."

"दिला शब्द!" बापू म्हणाले. आम्हाला बापूंची काळजी वाटली, पण खरं सांगते, मला काकींचंच म्हणणं पटलं होतं.

*

बापू जिद्दीला पेटले. झाडाला खत पाहिजे म्हणून त्यांनी टाकीच्या वाळूत लेंडीखत कालवलं. सकाळपर्यंत पाण्याचा चहा झाला. मासे वाचवायला काकींनी पिण्याच्या पाण्याचा हंडा दिला आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "म्हशी गेल्या, पर गोठा काय सुटंना!"

मग बापूंनी दुकानातून अनुबियास नेलं. हे चिवट झाड, पण त्याचा कंद वाळूत पुरला की कुजतो. मी बजावलं, "दगडाला दोऱ्यानं हलकंच बांधा." बापूंनी काकींची लाल दोऱ्याची रिळं पळवली आणि म्हैस खुंट्याला बांधावी तसं ते दगडाला आवळलं.

"गाठ सुटली का?" मी पुढच्या रविवारी विचारलं.

"गाठ? माजी गाठ सुटती व्हय? कंदच तुटला!"

*

शेवटी इक्बालभाईंनी क्रिप्टोकोरीनचं रोप दिलं. आमच्या बोअरच्या जड पाण्यात टिकणारं झाड. अट एकच: लावल्यावर पानं गळाली तरी उपटायचं नाही, मुळं जिवंत असतात, पालवी परत येते.

पानं गळाली. नवी काही येईनात. इक्बालभाईंनी पुन्हा दिलं. पुन्हा तेच. आम्ही चक्रावलो. शेवटी काकींकडून कळलं: बापू रोज सकाळी चहाआधी रोप उपटून मुळं तपासायचे!

"जनावर घेतल्यावर रोज बघाया नको?" बापू म्हणाले.

सिस्टरांनी तिथल्या तिथे ऑर्डर काढली, "टाकीत हात घालायचा नाही. व्हिजिटिंग बंद!" बापूंनी ती अक्षरशः पाळली. रोज टाकीसमोर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. त्या हट्टाचं मला भयंकर कौतुक वाटायचं.

पण तोवर दिवाळी आली.

*

दिवाळीच्या दिवशी सकाळी इक्बालभाई दुकानाची पूजा करणाऱ्या शेजाऱ्यांकडचा फराळ आम्हाला वाटत होते. तेवढ्यात बापू आले. हातात बादली, बादलीत सगळे मासे.

"घ्या परत. मुदत संपली."

"बापू, मुळं कशी आहेत?" मी विचारलं.

"पांढरीफेक. काचंतनं दिसत्यात."

"मग थांबा की! आठ-पंधरा दिवसांत पान येईल."

"ठावं हाय, बाई. पर करार पानाचा हुता, मुळाचा न्हाई."

आम्ही तिघांनीही समजावलं. बापू ढिम्म. डोळे भरलेले, पण बादली काउंटरवर ठेवली ती ठेवलीच.

बाहेर रिक्षा थांबली. काकी उतरल्या. नवं लुगडं, चेहरा तापलेला. त्यांनी बादलीकडे पाहिलं, बापूंकडे पाहिलं. सरळ पुढे आल्या, पदराचं टोक बापूंच्या हातावर टाकलं आणि खालून बोटं दाबायला लागल्या.

बापूंनी मान हलवली. नाही. काकींनी पुन्हा दाबली. बापू जरा थांबले, मग त्यांनी खालून काहीतरी दाबलं. आता काकींनी मान हलवली.

"दिला!" बापू एकदम म्हणाले आणि बादली उचलून रिक्षाकडे चालू लागले.

इक्बालभाईंना राहवलं नाही. "काकी, सौदा कशावर ठरला?"

काकींनी पदर नीट खांद्यावर घेतला.

"बाजारात आसं इचारत्यात व्हय?"